अंडी सगळ्यात शेवटी आणायची

दर फेब्रुवारीत एक तरी फोन येतो, की झाबुआकडून कुणीतरी कडकनाथ कोंबडीची दोन डझन अंडी आणून दिलीयत आणि आता अंडी उबवायची पेटी बनवायचीय, जरा सर्किट सांगा. अहो उलटं झालं हे. अंडं फार तर आठवडाभर ठेवता येतं, त्यापुढे रोज पिल्लू निघायचा चान्स कमी होत जातो, आणि घरी जोडलेला थर्मोस्टॅट, म्हणजे पेटीचं टेंपरेचर सांभाळणारं सर्किट, ताळ्यावर यायला आठवडा सहज जातो. म्हणून आधी बाकी सगळं, अंडी शेवटी.

आधी महिना बघा. थर्मोस्टॅट बल्ब लावून पेटी तापवतो, थंड करत नाही. वाचून हसाल, पण मी स्वतः मे महिन्यात रामबागेतल्या वरच्या खोलीत पेटी लावली होती, बाहेर 42, खोलीतच 39, रिले, म्हणजे बल्ब लावणारा-बंद करणारा स्विच, दिवसभर बंद आणि अंडी आत तशीच उकडतायत. इंदूरला फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. थंडीतही चालतं, फक्त थर्मोकोल जाड घ्या.

सामानाला इंदूरच्या महाराणी रोडची एक फेरी पुरते. तयार थर्मोस्टॅट मॉड्यूल घ्यायचं तर डब्ल्यू 1209 स्वस्तात मिळतं, पण आणल्या आणल्या सेटिंगमध्ये जाऊन पी-0 वर हीटिंगचा एच आहे का बघा आणि पी-1 चा, म्हणजे चालू-बंद होण्यातला, फरक 2 डिग्रीवरून 0.2-0.3 वर आणा, कारण 2 डिग्रीचा झोका अंड्याला सोसत नाही. स्वतः जोडायचं तर 10के (10 किलोओहम) चा एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे गरम झाला की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर, एलएम 358 ही ऑपअँप आयसी, बीसी 547 ट्रान्झिस्टर, 12 व्होल्टचा रिले, रिलेच्या कॉइलवर उलटा लावायला एक वन एन 4007 डायोड आणि टेंपरेचर सेट करायला प्रीसेट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) दहा फेऱ्यांचा, साधा नको, साध्यात केसभर फिरवलं तरी डिग्री-दोन डिग्री सरकतं. थर्मिस्टर 25 डिग्रीला 10के असतो, 37.5 ला 6के च्या जवळ येतो, मल्टिमीटरने हे बघूनच घ्या. बल्ब मात्र जुना पिवळा फिलामेंटवालाच. दुकानदार हमखास म्हणतो, "भिया, एलईडी ले जाओ, बिजली बचेगी." अरे बाबा मला वीज वाचवायची नाहीये, गरम करायचंय! 100 वॉटचा एक घेण्यापेक्षा 40 चे दोन घ्या आणि पॅरलल जोडा, एक रात्री उडाला तर दुसरा सकाळपर्यंत तगतो, आणि एकच मोठा असला तर बंद झाल्यावरही त्याच्या काचेची धग टेंपरेचर वर ढकलत राहते. बल्बभोवती भोकं पाडलेला तुपाचा पत्र्याचा डबा, नाहीतर थर्मोकोल वितळतो. कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा आत, आणि तो थेट 12 व्होल्टच्या सप्लायवर, चोवीस तास, रिलेवर नाही.

आता सेन्सर, म्हणजे तो थर्मिस्टर, कारण माझ्या अनुभवात दहातल्या आठ तक्रारी सर्किटच्या नसतातच, सेन्सर कुठे लावला त्याच्या असतात. पहिल्या खेपेला मी तो पेटीच्या भिंतीला चिकटवला, बल्ब समोर दिसत होता त्याला. आकडा मस्त 37.5 आणि अंड्यापाशी 35. एकविसाव्या दिवशी काही नाही, तेविसाव्याला चोवीसातून पाच पिल्लं, तीही मरगळलेली. उशिरा निघाली म्हणजे टेंपरेचर कमी होतं, एकोणीस-विसाव्यालाच निघाली तर जास्त, एवढा हिशोब तेव्हापासून पाठ झाला. सेन्सर अंड्यांच्या उंचीला, मधोमध, बल्बच्या आड. टोकं सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी आणि वर ग्लू, कारण आत पाण्याची वाटी असते, तारांवर ओल धरली की थर्मिस्टरचा रेझिस्टन्स कमी दिसतो, सर्किटला वाटतं गरम झालंय आणि बल्ब लागतच नाही. तार तुटली तर उलट. सर्किटला वाटतं बर्फ पडलाय, बल्ब सोडतच नाही. गारवा थोडा वेळ चालतो अंड्याला, जास्त उष्णता नाही, म्हणून बल्बच्या फेजमध्ये सिरीजला 40 डिग्रीला तोडणारी केएसडी 301 थर्मल स्विचची गोल टिकली हवीच, ती नसेल तर मी पेटी लावू देत नाही कुणाला.

सेट करायला घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. फुलपात्रात कोमट पाणी, त्यात सेन्सर आणि थर्मामीटर शेजारी शेजारी, गरम-गार मिसळत 99.5 फॅरनहाइटवर आणा, तेच आपलं 37.5, आणि तिथे रिले पडेल, म्हणजे बंद होईल, असा प्रीसेट हळूहळू फिरवा. हा आकडा पंखा असलेल्या पेटीचा हं, बिनपंख्याच्या पेटीत अंड्याच्या वरच्या अंगाला दीडेक डिग्री जास्त लागते.

मग अंड्यांच्या जागी पाण्याच्या छोट्या बाटल्या भरून ठेवायच्या आणि तीन दिवस पेटी नुसती चालवायची. हे कुणाला आवडत नाही. पण पहिल्या रात्रीच कळतं: अडीच वाजता रिले टक-टक-टक-टक करत असेल, घरात उंदीर शिरल्यासारखा, तर 358 ला चालू आणि बंद व्हायच्या टेंपरेचरमध्ये अंतरच दिलेलं नाहीये. त्याच्या आउटपुटवरून प्लस इनपुटला 1 मेगओहमचा रेझिस्टर लावा, थर्मिस्टर 10के च्या रेझिस्टरच्या जोडीने ग्राउंडच्या बाजूला आणि सांधा प्लसवर असेल तर साधारण 0.3 डिग्रीचं अंतर मिळतं आणि टकटक थांबते. मॉड्यूलचा डिस्प्ले रिले पडताना वेडावाकडा होत असेल तर ठिणगीचा त्रास आहे, कॉन्टॅक्टवर 100 ओहम आणि 0.1 मायक्रोचा एसी कपॅसिटर सिरीजमध्ये टाका. दिवसभरात बल्ब निम्मा वेळ चालू, निम्मा बंद असेल तर झकास. सतत चालू म्हणजे बल्ब कमी पडतोय किंवा झाकणातून हवा जातेय.

230 व्होल्टच्या बाजूला रिलेने फेज तोडायची, न्यूट्रल नाही, 1 अँपियरचा फ्यूज, पत्र्याच्या डब्याला अर्थिंग, आणि हात घालायच्या आधी प्लग ओढायचा, स्विच बंद करून भागवायचं नाही. इन्व्हर्टरवर ही लाइन आहे का तेही बघून ठेवा.

ओलावा पहिले अठरा दिवस 50-55 टक्के, शेवटचे तीन 65-70, वाटी मोठी केली की होतं.

एवढं झालं की मग झाबुआला फोन. अंडी आली की लगेच पेटीत नाही, रस्त्यात हिंदकळलेली असतात, निमुळतं टोक खाली करून एक दिवस खोलीत ठेवा, पेन्सिलने एका अंगाला गोल, दुसऱ्याला फुली, फिरवताना घोळ होत नाही. आत ठेवल्यावर आकडा धाडकन 33-34 वर येईल, गार अंडी आहेत ती, वर यायला तीन-चार तास लागतात. आमची आत्या अशा वेळी "अरे थोडं वाढव ना रे" म्हणत मागे उभी असते. प्रीसेटला हात लावायचा नाही, मी तर त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकून ठेवतो.