उंची झपाट्यानं वाढतेय? मग उड्या कमी करा

विश्रामबागेत मी मुलांना आर्टिस्टिक स्केटिंग शिकवते. सांगलीत बर्फ कुठला! आमचं सगळं चार चाकांच्या क्वाड स्केटवर. पण थ्री-टर्न (एका पायावर वळणं), स्पिन (गिरकी), ॲक्सेल (दीड गिरकीची उडी) तेच. "मॅडम, डबल, म्हणजे दोन गिरक्यांची उडी, कधी मारणार?" हा आयांचा पहिला प्रश्न. मी म्हणते, आधी घरातल्या दाराची चौकट बघा.

दर तीन महिन्यांनी, सकाळी, पोरीला अनवाणी चौकटीला टेकवून पेन्सिलीनं रेघ ओढा, शेजारी तारीख टाका. एरवी रेघ सव्वा-दीड सेंटीमीटरनं वर सरकते. ती दोनच्या पुढं जायला लागली की वाढीचा जोर आला समजा. मुलींत बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांत चौदाव्या. हाड आधी लांबतं, स्नायू मागं राहून ताणला जातो. गुडघ्याच्या वाटीखालचं हाडाचं टोक बोटानं दाबून बघा. दुखलं तर उड्या बंद आणि डॉक्टरांना दाखवा. दुखत नसेल तरी उड्या निम्म्या, त्याही दिवसाआड. बाराव्या वर्षी, गुडघा सुजलेला असताना, मला स्पर्धेसाठी रोज उड्या मारायला लावल्या. पुढं कितीतरी दिवस मी कठडा धरून जिना उतरायचे. माझ्या पोरींच्या वाट्याला ते येऊ देणार नाही.

पण म्हणून स्केट माळ्यावर टाकू नका. तीन मीटरची सुतळी घ्या, एक टोक मध्ये धरायला सांगा, दुसऱ्याला खडू बांधून कोर्टावर वर्तुळ काढा. एका पायावर, बाहेरच्या एजवर (म्हणजे पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन), आख्खं वर्तुळ. आधी पुढं, मग उलटं. डोळे मिटून ऐका. एज बरोबर असेल तर चाकांची एकसारखी घरघर येते, पाय फरफटला की खरखर. घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणारी मुलगी उडीतून उलटं सरकत उजव्या पायाच्या बाहेरच्या एजवर उतरते, आणि ती एज इथंच घडते. बर्फावरच्या स्पर्धांतून 1990 नंतर या वर्तुळांच्या आकृत्या गेल्या, चाकांवर अजून आहेत. मला त्याचा फार आनंद आहे.

सात-आठ वर्षांच्या आतल्यांना फक्त पडायला शिकवा, आणि मैदानावर लंगडी खेळू द्या. एका पायावरचा तोल त्यातच येतो.

बर्फावर आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धेसाठी किमान वय आता 17 आहे. घाई कशाला?

रेघांमधलं अंतर परत कमी झालं की उड्या वाढवा. पण पाय लांब झालेत, जुनी उडीही नव्यानं शिकवा. उतरल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत तोल टिकला, तरच पुढची.