अमेरिकेतल्या थिंक टँकमागे कुठल्या घराण्याचा पैसा आहे, हे स्वतः कसं शोधायचं

अमेरिकेतल्या एखाद्या थिंक टँकचा, म्हणजे सरकारी धोरणांवर अभ्यास करून सल्ले देणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट बातम्यांत आला की आपल्याकडच्या ग्रुपवर लगेच सुरू होतं, हे सगळं अमक्याच्या पैशावर चालतं, तमक्यानं त्यांना विकत घेतलंय, आणि कोणी विचारलं की बाबा रे हे कुठे वाचलंस तर पुढे काहीच नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही माहिती खरंतर उघड आहे, फुकट आहे, घरबसल्या मिळते, फक्त कुठला कागद उघडायचा आणि त्यात कुठे बघायचं हे माहीत पाहिजे. इथे मी उजव्या म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह संस्थांची उदाहरणं घेतलीत कारण तिथली घराणी ठळक आहेत आणि त्यांची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, पण फोर्ड फाउंडेशन किंवा सोरोस यांच्या संस्थांसाठीही अगदी हीच रीत चालते, कागद तोच.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या. घराण्याची कंपनी असते, त्यातला काही हिस्सा ते एका खाजगी फाउंडेशनला देऊन टाकतात, त्यावर टॅक्सची सवलत मिळते, मग फाउंडेशन तो पैसा गुंतवतं आणि साधारण दरवर्षी गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास रक्कम वाटावी लागते असा कायदा आहे, ज्याची सुरुवात १९६९ च्या टॅक्स कायद्यातून झाली. आपल्या घराघरात ती निळी डबी असते ना व्हिक्सची, ती पूर्वी बनवणाऱ्या रिचर्डसन घराण्याचं स्मिथ रिचर्डसन फाउंडेशन आहे, १९३५ पासूनचं, आणि सत्तरच्या दशकात टॅक्स कमी करा म्हणणाऱ्या सप्लाय साइड अर्थशास्त्राला सुरुवातीच्या काळात ज्यांनी पैसा पुरवला त्यात हे होतं. अॅमवेवाले डिव्हॉस, बिअरवाले कूर्स, मेलन बँक आणि गल्फ ऑइलच्या पैशावरचे स्केफ, रसायनं आणि दारूगोळ्यावाले ऑलिन, ही सगळी अशीच घराणी.

आता सुरुवात कशी करायची, तर दोन्हीपैकी एक नाव हातात घ्या, देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं. आणि इथेच बरेच जण फसतात कारण नावात फाउंडेशन असलं म्हणजे ते पैसे वाटणारं असतंच असं नाही. हेरिटेज फाउंडेशन हे थिंक टँक आहे, ते पैसे घेतं, १९७३ मध्ये जोसेफ कूर्सच्या अडीच लाख डॉलरवर सुरू झालं आणि नंतर रिचर्ड मेलन स्केफ मोठा आधार झाला. उलट सारा स्केफ फाउंडेशन, ब्रॅडली फाउंडेशन ही वाटणारी. ओळखायचं कसं, तर वाटणारं खाजगी फाउंडेशन दरवर्षी टॅक्स खात्याकडे फॉर्म ९९०-पीएफ भरतं आणि थिंक टँक साधा फॉर्म ९९० भरतं. पीएफ दिसलं की समजायचं आपण योग्य दारात उभे आहोत.

फॉर्म मिळतो कुठे, तर प्रोपब्लिका या बातमीसंस्थेचं नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर आहे, तिथे नाव टाकायचं, वर्षवार फॉर्म दिसतात, पीडीएफ उतरवता येतात, लॉगिन नाही पैसे नाहीत. अमेरिकेच्या टॅक्स खात्याची स्वतःची सर्चही आहे आणि कँडिड नावाच्या संस्थेचीही. एकाच नावाच्या तीन-चार संस्था निघाल्या तर शहर बघायचं, आणि तो नऊ आकडी नंबर असतो प्रत्येक संस्थेचा, तो लिहून ठेवायचा, पुढे सगळीकडे तोच वापरायचा, कारण नावं बदलतात पण नंबर बदलत नाही.

पीडीएफ उघडला की घाबरू नका, शंभर-दीडशे पानं सहज असतात आणि त्यातली बरीचशी शेअर खरेदी-विक्रीचीच असतात. पहिल्या पानावर वरच्या भागात वर्षअखेरची एकूण मालमत्ता बाजारभावानं दिलेली असते, ती टिपा. मग संचालक आणि ट्रस्टींची यादी बघा, घराण्यातलं कोण उरलंय आणि बाहेरचे पगारी लोक कोण ते तिथे कळतं. फाउंडेशनला त्या वर्षी नवीन पैसा आला असेल तर शेड्यूल बी, म्हणजे फॉर्मला जोडलेली देणगीदारांची यादी, बघा, खाजगी फाउंडेशनच्या बाबतीत तिथली देणगीदारांची नावं लोकांसाठी खुली असतात, थिंक टँकच्या बाबतीत मात्र ती नावं झाकलेली असतात, हा फरक नीट लक्षात ठेवा कारण अख्खी पद्धत या फरकावर उभी आहे. म्हणूनच शोध शक्यतो पैसे घेणाऱ्या संस्थेकडून नाही तर पैसे देणाऱ्याकडून सुरू करायचा.

आणि मग खरी जागा, ग्रँटची म्हणजे वाटलेल्या पैशांची यादी. जुन्या फॉर्ममध्ये भाग १५, अलीकडच्यात भाग १४, बऱ्याचदा तिथे नुसतं सोबतची यादी पाहा असं लिहिलेलं असतं म्हणून सरळ शेवटच्या पानांकडे जा. एका ओळीत काय असतं, घेणाऱ्या संस्थेचं नाव, पत्ता, संस्था कुठल्या प्रकारची, पैसे कशासाठी, आणि रक्कम. लोक रक्कम बघतात आणि थांबतात. माझं म्हणणं, आधी कारणाचा रकाना वाचा. तिथे एखाद्या ठराविक प्रोजेक्टचं नाव असेल तर तो पैसा त्याच कामाला बांधलेला आहे, पण तिथे जनरल ऑपरेटिंग सपोर्ट किंवा तत्सम काही लिहिलं असेल तर संस्थेला तो हवा तसा वापरता येतो, भाडं भरा, माणसं ठेवा, पाच वर्षांनी कामाला येईल असा विषय आजपासून धरून बसा. उजव्या फाउंडेशनांचं वेगळेपण नुसत्या रकमेत नाही, ते या रकान्यात आहे, आणि तेच नाव वर्षानुवर्षं परत परत येण्यात आहे. १९९७ मध्ये एका अभ्यासात अशा १२ फाउंडेशनांच्या १९९२ ते १९९४ या काळातल्या ग्रँट तपासल्या होत्या, तेव्हा धोरणाच्या कामाला साधारण २१ कोटी डॉलर गेल्याचं निघालं, आणि त्यांचाही मुद्दा हाच होता की पैसा टिकून आणि मोकळा दिला जातो.

म्हणून एकच वर्ष बघून काही लिहू नका, किमान पाच वर्षांचे फॉर्म उतरवा आणि एक साधी शीट करा, वर्ष, देणारा, घेणारा, कारण, रक्कम. त्याच यादीच्या खाली आणखी एक यादी असते, मंजूर झालेल्या पण पुढच्या वर्षांत द्यायच्या रकमांची, ती कोणी बघतच नाही, आणि फाउंडेशन पुढे कोणाच्या पाठीशी उभं राहणार ते तिथे आधीच दिसतं.

ब्रॅडलीचं उदाहरण मी मुद्दाम सविस्तर देतो. मिल्वॉकीची अॅलन-ब्रॅडली कंपनी १९८५ मध्ये रॉकवेल या कंपनीला साधारण १६५ कोटी डॉलरला विकली गेली आणि दीड कोटीहून कमी मालमत्ता असलेलं हे फाउंडेशन एका झटक्यात २९ कोटींच्या घरात गेलं. मग ऑलिन फाउंडेशनमधून मायकेल जॉइस यांना आणलं आणि त्यांनी शाळेच्या व्हाउचरचा विषय धरला, म्हणजे सरकारचा पैसा मुलाबरोबर त्याच्या खाजगी शाळेत जावा. आता पैसे कुठे कुठे गेले बघा, व्हाउचरच्या बाजूनं संशोधन करणाऱ्यांना गेले, मिल्वॉकीत गरीब मुलांना खाजगी शाळेसाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या पेव्ह या संस्थेला गेले, आणि विस्कॉन्सिनची ही योजना १९९० मध्ये सुरू होऊन कोर्टात अडकली तेव्हा ती लढवायच्या वकिलीलाही गेले. १९९८ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं धार्मिक शाळांसकट योजना मान्य केली. एकेकटी ग्रँट बघितली तर काहीच कळत नाही, एक कॉलेजची, एक शिष्यवृत्तीची, एक वकिलांची, पण शीटमध्ये विषयानुसार लावली की दिसतं. तेव्हा शीटमध्ये विषय नावाचा एक रकाना स्वतःचा घाला, मला विचाराल तर तोच सगळ्यात कामाचा.

ऑलिनचंही तसंच, पण तिथे कॉलेजांकडे बघायचं. हार्वर्ड, येल, शिकागो, स्टॅनफर्डच्या लॉ स्कूलमध्ये कायदा आणि अर्थशास्त्र शिकवायला यांनी पैसा दिला, १९८२ मध्ये येलला विद्यार्थ्यांची जी पहिली परिषद झाली ज्यातून फेडरलिस्ट सोसायटी ही उजव्या विचारांच्या वकिलांची संघटना उभी राहिली, त्यामागेही ऑलिनचा पैसा होता. जॉन ऑलिन यांची इच्छा होती की पुढच्या पिढीच्या ट्रस्टींनी दिशा बदलायच्या आत सगळे पैसे खर्चून टाकावेत, आणि २००५ मध्ये खरंच फाउंडेशन बंद केलं. त्यामुळे २००५ नंतरच्या एखाद्या कामाला या फाउंडेशननं पैसा दिला असं कुठल्या फॉरवर्डमध्ये दिसलं तर तो फॉरवर्ड तिथेच बाजूला ठेवा.

उलटा शोधही करता येतो. प्रोपब्लिकावर फॉर्मच्या मजकुरात सर्च आहे, तिथे थिंक टँकचं नाव टाकलं की ते नाव कोणाकोणाच्या फॉर्ममध्ये आलंय ते मिळतं. हे ऑनलाइन भरलेल्या फॉर्मवरच चालतं आणि ऑनलाइन भरणं २०१९ च्या कायद्यानंतर सक्तीचं झालं, म्हणून जुन्या वर्षांसाठी पीडीएफच चाळावे लागतात. नावाची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हेनं टाकून बघा. एका घराण्याची अनेक फाउंडेशनं असतात, स्केफांची सारा स्केफ, अॅलेगेनी, पूर्वीचं कार्थेज, डिव्हॉस यांच्यात तर आईवडिलांचं वेगळं मुलगा-सुनेचं वेगळं, सगळी जोडल्याशिवाय घराण्याचा आकडा सांगू नका.

रक्कम मोठी की छोटी हे नुसतं बघून ठरत नाही. हेरिटेजचं वर्षाचं उत्पन्न ८ ते १० कोटी डॉलरच्या घरात, तिथे पाच लाखांची ग्रँट म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण तेच पाच लाख एखाद्या राज्यातल्या २० लाख बजेटच्या संस्थेला मिळाले तर पाव बजेट झालं. म्हणून घेणाऱ्याचा फॉर्म ९९० उघडून त्याचं एकूण उत्पन्न शेजारी लिहायचं. आणि पैसा दिला म्हणून मत बदललं असं लगेच म्हणू नका हो, बहुतेक वेळा फाउंडेशन आधीच त्या मताच्या माणसाला शोधून पैसा देतं, आपण सिद्ध करू शकतो ते एवढंच की याने त्याला इतकी वर्षं इतके दिले.

आता वाट कुठे बंद होते ते. डोनर्सट्रस्ट नावाची संस्था आहे, १९९९ ची, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाची, हा डोनर-अॅडव्हाइज्ड फंड आहे. देणगीदार पैसे यात टाकतो आणि सुचवतो की अमक्या संस्थेला द्या, मग थिंक टँकच्या नावापुढे डोनर्सट्रस्ट दिसतं, मूळ माणूस दिसत नाही, अशा खात्यांना ५ टक्क्यांचा नियमही लागू नाही. डावीकडचे लोकही असे फंड वापरतात आणि हे सगळं कायदेशीर आहे, तरी मला हे पटत नाही, टॅक्समध्ये सवलत लोकांच्या पैशातून मिळते तर देणाऱ्याचं नाव लोकांना कळायला हवं. अर्थात उलट बाजूचं म्हणणंही हलकं नाही, नाव उघड झालं की त्रास दिला जातो असं ते म्हणतात, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात देणगीदारांची यादी मागण्याविरुद्ध निकाल दिला तो साधारण याच मुद्द्यावर. तुमच्या हातात इथे एकच धागा उरतो, एखादं घराण्याचं फाउंडेशन डोनर्सट्रस्टला पैसे देत असेल तर ते त्याच्या ९९०-पीएफमध्ये दिसतं, आणि डोनर्सट्रस्टने पुढे कोणाला दिले ते त्याच्या फॉर्मला जोडलेल्या शेड्यूल आय या यादीत दिसतं, मधला सांधा मात्र जुळवता येत नाही, तिथे अंदाज लावायचा नाही. बेरीज करताना हे दोन्ही आकडे एकत्र धरू नका, तोच पैसा दोनदा मोजला जाईल.

आणखी एक, हे फॉर्म उशिरा येतात. वर्ष डिसेंबरला संपत असेल तर मुदत १५ मे, मुदतवाढ घेतली की १५ नोव्हेंबर, मग ते ऑनलाइन दिसायला आणखी वेळ. म्हणजे काल झालेल्या निवडणुकीत कोणी किती ओतले हे इथे मिळणार नाही, आणि तसंही खाजगी फाउंडेशनला निवडणूक प्रचारात पैसा घालायला बंदीच आहे, ती कामं दुसऱ्या प्रकारच्या संस्था करतात, जसं हेरिटेजच्या बाजूला हेरिटेज अॅक्शन आहे.

पहिल्यांदाच करत असाल तर ब्रॅडलीपासून सुरुवात करू नका, त्यांची यादी लांब आहे आणि त्यात मिल्वॉकीच्या ऑर्केस्ट्रा वगैरेंना दिलेले पैसेही मिसळलेले असतात, नवख्याचा गोंधळ होतो. सारा स्केफ घ्या, यादी मानानं आटोपशीर आणि बहुतेक नावं धोरणाचं काम करणाऱ्या संस्थांची, लागोपाठची पाच वर्षं शीटमध्ये उतरवा, आणि पाचही वर्षं जी नावं येतात त्यांच्यावर खूण करा.