संध्याकाळी बिघडणारी चाल: सेगावा आजाराच्या निदानात या चुका टाळा

सकाळी धावणारे मूल संध्याकाळ होताच चवड्यावर चालू लागते, त्याचा पाय आत वळतो आणि झोपून उठल्यावर ते पुन्हा बरे दिसते, असे आई सांगते तेव्हा ‘दमले असेल’ म्हणून विषय सोडून देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दिवसभरातला हा चढउतार ही सेगावा आजाराची, म्हणजेच लेव्होडोपा या औषधाला (यापासून मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनते) प्रतिसाद देणाऱ्या डिस्टोनियाची (स्नायू आपोआप आवळून अवयव वळण्याच्या विकाराची), ठळक खूण आहे. सकाळच्या तपासणीत ती दिसेलच असे नाही; म्हणून पालकांकडून संध्याकाळच्या चालीचा व्हिडिओ अवश्य मागवावा.

दुसरी चूक ‘सेरेब्रल पाल्सी’ (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे येणारे, न वाढणारे हालचालींचे अपंगत्व) हा शिक्का घाईने मारण्याची. पायांचा ताठरपणा आणि तीव्र प्रतिक्षिप्त क्रिया पाहून अनुभवी डॉक्टरही फसतात. परंतु जन्माच्या वेळी काही अडचण आलेली नसेल, एमआरआय निर्दोष असेल आणि त्रास वर्षागणिक वाढत असेल, तर त्या निदानावर थांबणे मला मुळीच मान्य नाही. टाचेच्या शस्त्रक्रियेचा विचार तर त्यानंतरचा.

‘घरात कोणालाच असे नाही’ या उत्तरावरही विसंबू नये. जीसीएच-१ या जनुकातील दोष (हा संबंध १९९४ मध्ये उलगडला) पालकांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, पण तो असूनही पालक निरोगी असू शकतात. मुलींमध्ये लक्षणे अधिक आढळतात. आजीला उतारवयात कंप होता का, हेही विचारावे. पालकांचे नात्यात लग्न झालेले असेल, तर टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकासारखे दुर्मीळ अप्रभावी दोषही (दोन्ही पालकांकडून आले तरच आजार करणारे) तपासावेत. नेहमीच्या जनुकचाचणीत जनुकाचा गळालेला तुकडा निसटू शकतो, त्यामुळे अहवाल निर्दोष आला म्हणून आजार नाही असे ठरत नाही.

औषधाची चाचणी अर्धवट सोडणे ही चूकही वारंवार होते. बालमेंदूविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कार्बिडोपासह (लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोहोचण्यास मदत करणारे जोडऔषध) लेव्होडोपा दिवसाला किलोमागे साधारण १ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात आणि निष्कर्ष काढण्यापूर्वी किमान महिनाभर देतात. मळमळ झाली की मात्रा वाढवण्याचा वेग कमी करावा. मेटोक्लोप्रामाइड हे उलटी थांबवणारे औषध देऊ नये, कारण ते डोपामिनचीच वाट अडवते. अल्प मात्रेने आलेला आणि वर्षानुवर्षे टिकणारा प्रतिसाद हा निदानाचा भक्कम आधार असतो. वर्षानुवर्षे चुकीच्या निदानाखाली राहिलेल्या प्रौढांनाही या औषधाने चालता आल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा घरातल्या जुन्या ‘सेरेब्रल पाल्सी’च्या फायलीही पुन्हा उघडाव्यात.