एमएस आणि लघवीचा त्रास: गोळीआधी शिल्लक मोजा, या चुका टाळा

कळ आली की थांबवत नाही, बाथरूम गाठेपर्यंत कपडे ओले होतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असलेल्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर घाई कमी करणारी गोळी लगेच सुरू होते आणि मूत्राशयात किती लघवी उरते हे कुणी मोजतच नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

एमएसचा घाव मज्जारज्जूवर असला की दोन बिघाड एकत्र असू शकतात. मूत्राशय पुरतं भरण्याआधीच आवळतं, म्हणून घाई. ते आवळत असताना खालचा झडपेसारखा स्नायू सैल पडायला हवा, तोही आवळतो. म्हणून लघवी तुंबते. घाई जाणवते, तुंबलेलं पुष्कळदा जाणवत नाही. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन या गोळ्या मूत्राशय शांत करतात, पण आधीच तुंबत असेल तर आणखी तुंबवतात.

तपासणी सोपी आहे: लघवी करून आल्या आल्या सोनोग्राफी. रिपोर्टमधला ‘पीव्हीआर’ (सिनेमाचा नव्हे) म्हणजे उरलेली लघवी. ती वारंवार १०० मिलीच्या वर असेल, तर आधी मूत्राशय रिकामं कसं करायचं ते डॉक्टरांशी बोला. मात्र पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन, तासभर दाबून धरून ही तपासणी करू नका. आकडा खोटा वाढतो.

रिकामं करायला बहुधा नळी सुचवतात आणि पेशंट हादरतो. ही कायम लावलेली, पिशवीची नळी नव्हे. ठरावीक वेळी लघवीच्या वाटेने स्वतः घालायची, रिकामं झालं की काढायची. १९७२ मध्ये अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिलं की घरी त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुकता लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. त्यानंतर काही महिने नळी लागू शकते, तेव्हा ती घालायला आधीच शिकून ठेवा.

लग्नाला जायचं म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, हे आपल्याकडे सर्रास चालतं. दाट लघवी मूत्राशयाला टोचते, शौचाला खडा होतो आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब आणतं. इतर आजारामुळे बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवंच. कमी करायचाच तर चहा करा.

पाय अचानक जड झाले की ‘एमएसचा अटॅक आला, स्टिरॉइड द्या’ अशी धावपळ होते. आधी लघवी तपासा. जंतुसंसर्गानेही जुनी लक्षणं उफाळतात. उलट, त्रास काहीच नसताना केवळ कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू शोधण्याच्या तपासणीत, जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक घेऊ नका. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत ते बऱ्याचदा सापडतात. पण थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागलं किंवा लघवी अजिबात होईना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.