वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप: या चुका टाळा

जून उजाडला की वर्गशिक्षक नवा ग्रुप काढतात, सगळ्या पालकांना जोडतात आणि आता घरोघरी पोहोचलो असं धरून चालतात. नव्याने रुजू झालेले तर हमखास. दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो, म्हणून लिहिते आहे.

सूचनेचा नुसता फोटो टाकणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. एका शाळेत पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं परिपत्रक फोटो काढून ग्रुपवर टाकलं गेलं. वर्गात कुणी बोललं नाही, फळ्यावरही काही नाही. खाली 'ओके सर', 'धन्यवाद सर', जोडलेले हात, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. संध्याकाळपर्यंत परिपत्रक पार वर गेलं. वर्गातल्या एका हुशार मुलीच्या घरी स्मार्टफोन एकच, तो वडिलांच्या खिशात आणि वडील ट्रकवर. त्यांनी फोटो उघडला, पण बारीक अक्षरांतून शिक्का आणि सही तेवढी कळली. आईपर्यंत काहीच गेलं नाही. मुलगी रोज पहिल्या बाकावर बसत होती. अर्जाची मुदत टळली तेव्हा सर म्हणाले, "मी तर पाठवलं होतं, टिकसुद्धा निळी झाली."

ग्रुपमध्ये टिक निळी होते ती सगळ्यांनी मेसेज उघडल्यावर. कुणाला काय समजलं हे तिला कळत नाही.

मी आधी फळ्यावर लिहिते, मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावते आणि घरून सही आणायला सांगते. ग्रुपवर टाइप करूनच टाकते: पहिल्या ओळीत तारीख, दुसरीत काय आणायचं ते. परिपत्रकाचा फोटो त्याखाली. टाइप केलेलं नंतर शोधून सापडतं. दुसऱ्या दिवशी आपल्याच मेसेजवर बोट दाबून धरते आणि त्याची माहिती उघडते. कुणी वाचलं, कुणाकडे नुसतं पोहोचलं, दोन्ही याद्या दिसतात. उरलेल्यांना फोन करते. वेळ जातो, पण याला जवळची वाट नाही.

ग्रुप सगळ्यांना खुला ठेवणं

फक्त ॲडमिनने लिहायचं, ही सोय 2018 पासून आहे. पहिल्या दिवशी ती लावा. पालक नाराज होतील म्हणून कचरू नका. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. तसलेच मेसेज आजही वर्गाच्या ग्रुपवर येतात, तेही काळजीपोटी. असा मेसेज आला की मी पोलीस ठाण्यात विचारते आणि खोटा असेल तर त्याच ग्रुपवर तसं स्पष्ट लिहिते. गुपचूप डिलीट करून भागत नाही, तोवर तो चार ठिकाणी गेलेला असतो.

गुणांची यादी ग्रुपवर टाकणं

हे करूच नका. मूल नापास झालं हे शेजारच्यांना आपल्यामुळे का कळावं? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली आहे. यादी टाकताना ते आठवावं. 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं तरी स्क्रीनशॉट राहतोच. गुण पालकांना समोर बसवून सांगा.

बाकीच्या चुका

ब्रॉडकास्टवर विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही.

रात्री गृहपाठ पाठवू नका. शाळा सुटायच्या आत द्या.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजी मेसेज उत्तम, पण अर्ध्या मिनिटाचा. तारीख शेवटी पुन्हा सांगा. घरी पावरी किंवा गोरमाटी बोलत असतील तर ती येणाऱ्या एखाद्या पालकाकडून बोलून घ्या.

एखाद्या मुलाची तक्रार ग्रुपवर मांडू नका. फोन करा, नाहीतर घरी जा.

आणि वर्ष संपलं की ग्रुप बंद करा. मूल दुसऱ्या शाळेत गेलं तरी आईचा नंबर जुन्या ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसत राहतो. मी एप्रिलअखेर निकाल वाटून झाला की एकेकाला काढते आणि शेवटी स्वतः बाहेर पडते.