नोकरी बदलताना राजीनाम्याभोवतीच्या या चुका टाळा

बायोडेटा आणि मुलाखत यांच्या तयारीसाठी उमेदवार जेवढे कष्ट घेतात, तेवढे राजीनाम्यापासून नव्या ठिकाणी रुजू होईपर्यंतच्या कागदपत्रांसाठी घेत नाहीत, आणि महागात पडणाऱ्या बऱ्याच चुका नेमक्या याच काळात होतात. सर्वांत उघड चूक म्हणजे ‘तुमची निवड झाली आहे’ एवढ्या फोनवर राजीनामा देणे. सहीचे ऑफर लेटर हाती येईपर्यंत थांबावे आणि त्यातील रुजू होण्याची तारीख आपल्या नोटीस कालावधीशी जुळते का, हे आधी पाहावे.

दुसरी चूक सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर भुलण्याची. मूळ वेतन ३०,००० रुपये असेल आणि त्या पूर्ण रकमेवर पीएफ भरला जात असेल, तर कंपनीच्या वाट्याचे १२ टक्के म्हणजे ३,६०० रुपये आणि ग्रॅच्युइटीपोटी धरलेले सुमारे १,४४० रुपये बहुधा सीटीसीतच मोजलेले असतात. शिवाय तुमच्या पगारातून तेवढाच पीएफ आणि राज्याचा व्यवसाय कर कापला जातो, म्हणून दरमहा हातात किती पडेल, हे लेखी मागून घ्यावे.

पीएफच्या बाबतीत मात्र घाई फार नडते. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी रक्कम काढली तर ती सामान्यतः करपात्र ठरते. खाते नव्या नोकरीत वर्ग केल्यास आधीची वर्षेही या हिशेबात धरली जातात. मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, त्यामुळे पेन्शनची रक्कमही काढून टाकणारा माणूस आपलीच वर्षे पुसतो. यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, जुनाच ठेवावा. रक्कम वर्ग करण्याचा अर्ज अडकला, तर आधी आधार, पॅन आणि पीएफच्या नोंदीतील नाव ताडून पाहावे. वडिलांचे नाव कुठे मध्ये, कुठे गाळलेले, लग्नानंतर आडनाव एकाच कागदावर बदललेले, असे घोळ आपल्याकडे नेहमीचेच. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती सदस्याला स्वतः पोर्टलवर नोंदवता येते. हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते उगाच जुन्या एचआरचे उंबरठे झिजवतात.

आर्थिक वर्षाच्या मधेच नोकरी बदलल्यास आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्यावा, नाहीतर दोन्हीकडे सवलती धरल्या जाऊन कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना थकबाकी व्याजासह अंगावर येते.

कामाचे ठिकाण ‘मुंबई’ एवढेच लिहिलेले पत्र स्वीकारणे ही खास इथली चूक. डोंबिवलीकराला ऐरोलीसाठी ठाण्याला गाडी बदलली की पुरते. अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्रासाठी मात्र लोकलनंतर घाटकोपरला एक मेट्रो आणि मरोळ नाक्याला दुसरी धरावी लागते. म्हणून होकार कळवण्यापूर्वी कार्यालयाचा नेमका पत्ता आणि कामाच्या वेळा ईमेलवर मागवाव्यात, आणि त्याच वेळेला, गर्दीच्या दिवशी, तो प्रवास एकदा करून पाहावा.