गाडी पिकअप घेत नाहीये? आधी एअरफ्लो सेन्सर साफ करून बघा

कसारा घाट चढताना गाडी दम खाते, सिग्नलला उभी असताना आरपीएम वर-खाली होतो, ॲव्हरेज पण पडलंय, तर गॅरेजला नेण्याआधी हे करून बघा. अंबड-सातपूर एमआयडीसीच्या धुळीत रोज गाडी फिरते त्यांनी तर नक्कीच, कारण एअर फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ सेन्सरच्या तारेवर बसते आणि हवा किती आत येतेय ते ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) नीट कळतच नाही.

१. इंजिन थंड, चावी बाहेर. फिल्टरच्या डब्यातून इंजिनकडे जाड पाइप जातो ना, तिथेच सुरुवातीला सेन्सर असतो. कनेक्टरचं लॉक दाबून काढा, वायरला धरून ओढू नका.

२. स्क्रू काढून सेन्सर अलगद सरळ बाहेर. बऱ्याच गाड्यांना चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात, तो पाना आधीच जवळ ठेवा.

३. एमएएफ (म्हणजे हाच एअरफ्लो) सेन्सर क्लीनरच घ्यायचा, तारेवर थोड्या अंतरावरून १०-१५ फवारे मारा. तार केसासारखी नाजूक असते, बोट, कापड, इअरबड काहीच लावायचं नाही.

४. अर्धा तास तरी आपोआप वाळू द्या, मग बसवा. फिल्टर काळा झाला असेल तर तो पण बदलून टाका, नाहीतर पुन्हा तेच होणार.

कार्ब (कार्ब्युरेटर) क्लीनर, ब्रेक क्लीनर अजिबात नको, सेन्सर कायमचा जाऊ शकतो आणि नवीन बराच महाग पडतो. आणि हो, बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना हा सेन्सर नसतोच, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तेव्हा खोलण्याआधी मॅन्युअल बघून घ्या.